वीज गेल्यावर घरचा जनरेटर : गरज, गणित आणि जोखीम

वीजपुरवठा खंडित होणे हा एकच अनुभव वाटत असला, तरी त्यामागे किमान तीन निरनिराळ्या परिस्थिती असतात आणि घरगुती जनरेटरची उपयुक्तता त्यांपैकी कोणती परिस्थिती समोर आहे यावर ठरते. पहिली परिस्थिती भारनियमनाची, म्हणजे मागणीच्या मानाने वीज अपुरी असल्यामुळे वेळापत्रक लावून केलेल्या कपातीची; महाराष्ट्राने २००५ नंतरची काही वर्षे ती सोसली आणि ग्रामीण भागात ही कपात दिवसाला बारा तासांपर्यंत गेली. दुसरी परिस्थिती यंत्रणेतील अचानक बिघाडाची. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर प्रदेशातील लोकल गाड्यांसह जवळजवळ सर्व व्यवहार ठप्प झाले, पण बहुतांश भागाचा पुरवठा काही तासांत पूर्ववत झाला. तिसरी परिस्थिती नैसर्गिक आपत्तीनंतरची. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळाने विजेचे खांब, तारा आणि रोहित्रे, म्हणजे बोलीभाषेतील डीपी, इतक्या मोठ्या प्रमाणावर पाडली की श्रीवर्धन, दापोली, मंडणगड या परिसरातील कित्येक गावे अनेक दिवस आणि काही वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात राहिल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या वाट्याला तेच आणले.

या तिन्हींना एकच उपाय लागू पडत नाही. ठरावीक वेळेच्या आणि काही तासांच्या कपातीला बॅटरीवरचा इन्व्हर्टर पुरतो, कारण वीज परत आली की बॅटरी पुन्हा भरते. वीज परत येण्याची चिन्हे नसतात तेव्हा मात्र बॅटरी दुसऱ्या दिवशी रिकामी होते, आणि इंधनावर वीज तयार करणारे यंत्र याच टप्प्यावर अर्थपूर्ण ठरते. बाजारात ‘पोर्टेबल जेनसेट’ म्हणून मिळणारा, एका-दोघांना उचलता येणारा, साधारण एक ते पाच केव्हीए क्षमतेचा पेट्रोल जनरेटर हा मुळात दीर्घ आणि क्वचित येणाऱ्या संकटाचा सोबती आहे. त्याला रोजच्या गरजेचा पुरवठादार करू पाहिले की त्याचा खर्च, आवाज आणि धूर हे तिन्ही असह्य होतात.

पूर्वपीठिका

भारतातील घराघरांत आणि दुकानांत हे यंत्र १९८०च्या दशकात ठळकपणे दिसू लागले. जपानी तंत्रज्ञानाच्या साहाय्याने येथे छोटे जनरेटर तयार होऊ लागले. त्यांपैकी श्रीराम होंडा ही कंपनी १९८५ मध्ये स्थापन झाली. त्या काळातील अनेक संच पेट्रोलवर सुरू करून इंजिन तापल्यावर रॉकेलवर चालवले जात, कारण रॉकेल स्वस्त होते. लग्नाचा मांडव, गणेशोत्सवाचा मंडप, बाजारपेठेतील कापडाचे दुकान आणि डॉक्टरांचा दवाखाना ही त्यांची नेहमीची ठिकाणे होती. पुढे इन्व्हर्टर-बॅटरी संच आवाक्यात आले आणि घरातला जनरेटर मागे पडला. भारनियमनाच्या काळात पुण्यात २००६ मध्ये जनरेटरने विजेची टंचाई भागवण्याच्या कल्पनेचा एक सामूहिक प्रयोगही झाला : उद्योगांकडे असलेले मोठे जनरेटर टंचाईच्या तासांत चालवून तेवढी वीज शहरासाठी मोकळी करायची आणि त्याचा जादा खर्च ग्राहकांकडून स्वतंत्र आकाराच्या रूपाने घ्यायचा, अशी ही व्यवस्था ‘पुणे मॉडेल’ म्हणून ओळखली गेली. इंधनावरची वीज महाग असली तरी ती नसण्याची किंमत त्याहून मोठी ठरू शकते, हे तत्त्व त्या प्रयोगाने मान्य केले. घरगुती जनरेटरचा विचारही शेवटी याच तत्त्वाशी येऊन थांबतो.

यंत्राची रचना आणि प्रकार

जनरेटरचे दोन भाग असतात : इंजिन आणि त्याच्या दांड्याने फिरणारा अल्टरनेटर, म्हणजे फिरण्याच्या शक्तीचे विजेत रूपांतर करणारा भाग. भारतातील घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची असते, म्हणजे प्रवाहाची दिशा बदलण्याचे पूर्ण आवर्तन सेकंदाला पन्नास वेळा होते. दोन ध्रुवांच्या अल्टरनेटरला हे साधण्यासाठी मिनिटाला तीन हजार फेरे घ्यावे लागतात, त्यामुळे पारंपरिक छोटा जनरेटर एक दिवा लावला काय आणि सगळे घर चालवले काय, त्याच वेगाने धडधडत राहतो. जोडलेला भार एकाएकी वाढला की इंजिन क्षणभर दबते आणि दिवे मंदावतात. भार सुटला की व्होल्टेज उसळते. हा चढउतार आवरण्यासाठी एव्हीआर, म्हणजे स्वयंचलित व्होल्टेज नियामक, बसवलेला असतो.

दुसऱ्या प्रकारात, ज्याला इन्व्हर्टर जनरेटर म्हणतात, निर्माण झालेला प्रवाह आधी एकदिश करून मग इलेक्ट्रॉनिक मंडलाद्वारे पुन्हा शुद्ध ५० हर्ट्झचा केला जातो. त्यामुळे इंजिनाचा वेग भारानुसार कमी-जास्त होऊ शकतो, कमी भारावर पेट्रोल वाचते, आवाज घटतो आणि संगणकासारख्या नाजूक उपकरणांना स्वच्छ वीज मिळते. किंमत मात्र तेवढ्याच क्षमतेच्या साध्या संचाच्या मानाने बरीच जास्त असते, आणि बिघाड झाल्यास गावातील मिस्त्रीला दुरुस्त करता येईल असे त्यात फारसे काही उरत नाही.

भाराचे गणित

ग्राहकाची पहिली चूक क्षमतेच्या आकड्यात होते. केव्हीए हे आभासी शक्तीचे माप आहे आणि किलोवॅट हे प्रत्यक्ष कामाला येणाऱ्या शक्तीचे. शिवाय जाहिरातीत ठळक छापलेला आकडा बहुधा काही क्षणांपुरत्या कमाल क्षमतेचा असतो आणि सलग चालवण्याची क्षमता त्याहून कमी असते. दुसरी चूक मोटारीच्या बाबतीत होते. पंप, फ्रीज किंवा एसी यांच्या मोटारी सुरू होताना त्यांच्या नेहमीच्या प्रवाहाच्या तिप्पट ते सहापट प्रवाह क्षणभर ओढतात, त्यामुळे चालताना सहज पेलेल असा पंप सुरू करतानाच जनरेटर मान टाकतो.

कोकणातील विहीर असलेल्या एका मध्यम घराचा हिशेब मांडला, तर चित्र स्पष्ट होते. नऊ वॅटचे पाच एलईडी दिवे, प्रत्येकी सुमारे पंचाहत्तर वॅटचे तीन पंखे, चालू असताना दीडशे वॅटच्या आसपास घेणारा फ्रीज, एक टीव्ही, वायफाय राउटर आणि मोबाइलचे चार्जर मिळून साडेपाचशे वॅट होतात. अर्धा अश्वशक्तीचा पंप चालताना साधारण सहाशे वॅट घेतो, पण सुरू होताना त्याच्या कित्येक पट ओढतो. म्हणून सकाळी बाकी सर्व काही बंद ठेवून आधी पंप लावावा, टाकी भरल्यावर तो बंद करून फ्रीज आणि इतर उपकरणे जोडावीत, असा क्रम पाळला तर दोन-सव्वादोन केव्हीएचा संच या घराला पुरतो. क्रम न पाळता सगळे एकदम चालवायचे म्हटले, तर दुप्पट क्षमतेचे यंत्र लागते आणि ते उरलेला सगळा वेळ अर्ध्या पोटी पेट्रोल जाळत बसते. गिझर, इस्त्री आणि विजेची शेगडी ही उष्णतेची उपकरणे या हिशेबातून सरळ वगळावीत. दोन किलोवॅटचा गिझर एकटाच सगळे यंत्र खाऊन टाकतो.

फ्रीजसाठी जनरेटर रात्रभर चालवण्याचीही गरज नसते. दार न उघडता ठेवलेला फ्रीज साधारण चार तास पुरेसा थंड राहतो आणि गच्च भरलेला स्वतंत्र डीप फ्रीझर दोन दिवसांपर्यंत टिकतो. सकाळ-संध्याकाळ मिळून काही तासांची वीज बहुतेक घरांना तगवते, आणि हे लक्षात घेतले की इंधनाचा खर्च निम्म्याहून खाली येतो.

इंधन : खर्च, साठा आणि उपलब्धता

दोन किलोवॅटचा साधा संच पूर्ण भारावर तासाला सव्वा लिटरच्या आसपास पेट्रोल घेतो. भार चौथाईवर आला तरी खप चौथाईवर येत नाही, तो अर्धा ते पाऊण लिटर राहतो. पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर असताना एका युनिटचा, म्हणजे एक किलोवॅट-तास विजेचा, इंधनखर्च पूर्ण भारावर पासष्ट-सत्तर रुपये आणि कमी भारावर शंभराच्याही पुढे जातो. महावितरणच्या घरगुती दराशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही. वर उल्लेखिलेल्या घराने सकाळी पंपासाठी एक तास आणि संध्याकाळी चार तास जनरेटर चालवला, तर दिवसाला तीन ते साडेतीन लिटर पेट्रोल जाते. दहा दिवसांच्या अंधारासाठी तीस-पस्तीस लिटर आणि साडेतीन हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो.

हा आकडा कायद्याच्या मर्यादेला भिडतो, हे विशेष. १९३४च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय फार तर तीस लिटर बाळगता येते, आणि तेही घट्ट झाकणाच्या, ठरवून दिलेल्या प्रकारच्या भांड्यांत. धातूचे भांडे असल्यास ते पंचवीस लिटरपेक्षा मोठे चालत नाही. त्यामुळे दीर्घ संकटात पेट्रोल पुन्हा आणावेच लागते, आणि नेमके तेव्हाच रस्त्यावर झाडे आडवी पडलेली असतात आणि पंपावरची यंत्रेही विजेअभावी बंद असतात, कारण जमिनीखालच्या टाकीतून पेट्रोल वर खेचणारा पंपही विजेवरच चालतो. घरगुती जनरेटरचे स्वावलंबन हे असे टाकीतल्या पेट्रोलाएवढेच असते.

साठवलेल्या पेट्रोलाला आयुष्यही असते. भारतात आता पेट्रोलमध्ये सुमारे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते; इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि कोकणाच्या दमट हवेत ही अडचण अधिक तीव्र होते. ओलावा वाढला की पाणी-इथेनॉलचा थर पेट्रोलापासून सुटून तळाशी बसतो, कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे चिकट साक्याने बुजतात आणि जुन्या संचांतील रबरी नळ्या व वॉशर खराब होतात. वर्षभर कोपऱ्यात पडलेला जनरेटर वादळाच्या रात्री दोरी ओढून ओढून हात भरून आले तरी सुरू होत नाही, त्याचे सर्वांत सामान्य कारण हेच. यंत्र ठेवून देताना टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करणे, महिन्यातून एकदा थोडे ताजे पेट्रोल घालून पंधरा-वीस मिनिटे काही भार जोडून ते चालवणे, आणि नव्या यंत्राचे इंजिन ऑइल पहिल्या वीस तासांनंतर व पुढे दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलणे, एवढी शिस्त नसेल तर खरेदीचा खर्च वाया गेला असे समजावे.

धूर : न दिसणारा धोका

जनरेटरमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमुख कारण विजेचा धक्का असावे असा समज असतो; प्रत्यक्षात ते कार्बन मोनॉक्साइड हे आहे. इंधनाच्या अपुऱ्या ज्वलनातून निघणाऱ्या या वायूला रंग नसतो, वास नसतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट ओढीने जखडला जातो. डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे ही त्याची सुरुवातीची लक्षणे पित्ताची किंवा थकव्याची वाटतात आणि झोपलेल्या माणसाला तर तीही कळत नाहीत. मोटारगाडीच्या धुराड्यात हा वायू कमी करणारे उत्प्रेरक बसवलेले असते. छोट्या जनरेटरमध्ये ते सहसा नसते, आणि त्यामुळे एकच जनरेटर शेकडो गाड्यांइतका कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतो.

या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने अभ्यास अमेरिकेत झाला आहे, कारण तेथे चक्रीवादळे आणि हिमवादळे यांनंतर घराघरांत असे जनरेटर चालतात. तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या म्हणण्यानुसार पोर्टेबल जनरेटरच्या धुराने दरवर्षी सरासरी शंभराच्या आसपास माणसे दगावतात. ऑगस्ट २०२०च्या लॉरा वादळानंतर लुइझियाना राज्यातील मृतांमध्येही अशा बळींचा वाटा मोठा होता. आयोगाची सूचना अशी आहे की जनरेटर घरापासून किमान वीस फूट दूर, धुराड्याचे तोंड घराच्या उलट दिशेला करून ठेवावा आणि गॅरेज, तळघर किंवा पडवीत तो कधीही चालवू नये. दारे-खिडक्या उघडी ठेवल्याने धोका टळत नाही. वायूचे प्रमाण वाढताच इंजिन आपोआप बंद करणारी यंत्रणा असलेले संच आता तेथे मिळतात.

मराठी घरांच्या रचनेत ही सूचना उतरवली तर निष्कर्ष कठोर निघतो. स्वतंत्र घराला अंगण असते, परसू असते. यंत्र उघड्यावर, पावसापासून आडोसा देणाऱ्या पण चारही बाजूंनी मोकळ्या छपराखाली ठेवता येते. सोसायटीतील सदनिकेला यांतले काहीच नसते. बाल्कनी, जिन्याचा मधला टप्पा, डक्ट किंवा इमारतीखालचे पार्किंग यांपैकी कोणतीही जागा सुरक्षित नाही, कारण तेथला धूर स्वतःच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या खोलीत शिरतो. वाऱ्या-पावसात चोरीच्या किंवा भिजण्याच्या भीतीने यंत्र पडवीत ओढून घेण्याचा मोह अंगण असलेल्या घरातही होतो, आणि धोका तेव्हाच सर्वाधिक असतो.

जोडणी : वायरमनच्या जिवाचा प्रश्न

जनरेटरची वीज घरात नेण्याचा सर्वांत सोपा दिसणारा मार्ग सर्वांत घातक आहे. दोन्ही टोकांना पिन टॉप लावलेली वायर घेऊन तिचे एक टोक जनरेटरमध्ये आणि दुसरे भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खुपसले की सगळे घर उजळते. पण मेन स्विच चालू राहिला असेल तर तीच वीज मीटरमधून उलट खांबाकडे जाते. डीपीतील ट्रान्सफॉर्मर एरवी अकरा हजार व्होल्टचे चारशेच्या घरात आणतो. उलट दिशेने वीज आली तर तो चारशेचे अकरा हजार करतो. शेजारची सर्व घरे त्याच तारेवर असतील तर त्यांच्या भाराखाली छोटा जनरेटर बहुधा लगेच बंद पडेल, पण वादळात तार तुटून मोजकीच घरे तिच्यावर उरलेली असतात आणि लाइन बंद आहे या भरवशावर खांबावर चढलेला वायरमन जिवंत तारेला हात लावतो. शिवाय सॉकेटमधून निघालेल्या त्या वायरच्या मोकळ्या टोकाच्या पिना उघड्या आणि विद्युतभारित असतात, हा घरातल्या मुलांनाही धोका असतो.

याला उपाय दोनच आहेत. पहिला म्हणजे उपकरणे जाड, उघड्यावर वापरण्याजोग्या एक्स्टेंशन वायरने थेट जनरेटरला जोडणे. यात घराच्या वायरिंगशी संबंधच येत नाही. दुसरा म्हणजे परवानाधारक वीज कंत्राटदाराकडून चेंजओव्हर स्विच बसवून घेणे. हा स्विच एका वेळी एकतर महावितरणची वीज घरात येऊ देतो किंवा जनरेटरची, दोन्ही कधीच एकत्र नाहीत. तो दोन पोलचा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा असावा. अर्थिंगकडेही तेवढेच लक्ष हवे, कारण अनेक छोट्या संचांचा न्यूट्रल जमिनीशी जोडलेला नसतो आणि तशा स्थितीत घरातील ईएलसीबी किंवा आरसीसीबी, म्हणजे गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे साधन, अपेक्षेप्रमाणे काम करीलच असे नाही.

आवाज आणि शेजारधर्म

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. साधा पोर्टेबल संच काही मीटरवरूनही ती सहज ओलांडतो. जनरेटर संचांच्या धुराचे मापदंडही कडक होत गेले असून नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झालेले नवे निकष जुलै २०२३ पासून लागू झाले. जुना संच स्वस्तात घेताना या दोन्ही गोष्टी विसरल्या जातात. रात्री दहानंतर यंत्र बंद ठेवून बॅटरीवर भागवणे हे नियमालाही धरून आहे आणि इंधनाच्या हिशेबालाही.

पर्याय आणि जोड

इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची, बारा व्होल्टची नळीदार बॅटरी कागदावर १.८ युनिट वीज साठवते आणि प्रत्यक्षात एक-सव्वा युनिट देते. दोन-तीन पंखे आणि दिवे यांच्यासाठी ती तीन-चार तास पुरते, पण पंपाला ती उपयोगाची नाही. छतावरच्या सौर संचाबाबत गैरसमज मोठा आहे. पीएम सूर्यघर योजनेतून तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि त्यामुळे अनेक छतांवर पॅनेल आली. परंतु ग्रीडला जोडलेला साधा सौर संच वीज गेली की स्वतःही बंद पडतो. वायरमनच्या सुरक्षेसाठी तशी रचना सक्तीची असते, आणि लख्ख उन्हात पॅनेल असूनही घर अंधारात राहते. बॅटरी जोडता येणारा हायब्रिड इन्व्हर्टर असेल तरच सूर्याची वीज संकटात कामी येते, आणि वादळानंतरच्या ढगाळ दिवसांत तीही तुटपुंजी पडते.

यावरून दिसते की बॅटरी आणि जनरेटर हे स्पर्धक म्हणून न वापरता जोडीने वापरल्यास सर्वांत चांगले परिणाम मिळतात. सकाळी आणि संध्याकाळी जनरेटर चालू असताना टाकी भरावी, फ्रीज गार करावा आणि त्याच वेळी इन्व्हर्टरची बॅटरी भरून घ्यावी. यंत्राला पुरेसा भार मिळाल्याने युनिटमागचे पेट्रोल कमी लागते आणि रात्र शांततेत बॅटरीवर निघते. काही इन्व्हर्टर साध्या जनरेटरची ओबडधोबड वीज स्वीकारत नाहीत, म्हणून ही जोडी आधीच जुळवून पाहणे आवश्यक आहे. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर अवलंबून असलेल्या रुग्णाच्या घरी केवळ जनरेटरवर विसंबू नये; तो सुरू होईपर्यंतच्या काळासाठी बॅटरी आणि अखेरचा आधार म्हणून प्राणवायूचा सिलिंडर असलाच पाहिजे.

निष्कर्ष

एकूण विचार करता पोर्टेबल पेट्रोल जनरेटर घेण्याचा निर्णय चार प्रश्नांच्या उत्तरांवर घ्यावा : वीज जाते ती तासांसाठी की दिवसांसाठी, यंत्र घरापासून वीस फुटांवर उघड्यावर ठेवायला जागा आहे काय, पंप, औषधे किंवा रुग्ण यांसारखी टाळता न येणारी गरज आहे काय, आणि त्याची वर्षभर निगा राखणारे कोणी घरात आहे काय. चारही उत्तरे अनुकूल असतील तर दोन-तीन केव्हीएचा संच, चेंजओव्हर स्विच आणि एक बॅटरी इन्व्हर्टर ही किनारपट्टीवरच्या स्वतंत्र घरासाठी वाजवी गुंतवणूक आहे. शहरातील सदनिकेसाठी तो पर्याय नाही; तेथे इन्व्हर्टर किंवा सोसायटीचा सामायिक, तज्ज्ञांनी बसवलेला संचच योग्य ठरतो. वाडीवस्तीवर तर प्रत्येक घराने आपापले यंत्र घेण्यापेक्षा चार-पाच घरांनी मिळून एक चांगला संच घेणे, त्याच्या देखभालीची पाळी ठरवणे आणि त्यावर आळीपाळीने टाक्या भरून घेणे अधिक शहाणपणाचे आहे. ही सगळी तयारी मे महिन्याच्या अखेरीपर्यंत पूर्ण झालेली असावी, कारण पावसाळा सुरू झाल्यावर ना वायरमन मोकळा असतो ना मिस्त्री.